ऐकलेल्या वाक्यामागे ‘म्हणे’ लावून पाहावे

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात दोन वाक्ये रोज कानांवर पडतात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे एक, आणि ‘आता नळाला पाणी चार दिवसांआड’ हे दुसरे. पहिले वाक्य ऐकताच धरणाचा तळ उघडा पडल्याचे चित्र मनात उभे राहते. दुसरे ऐकताच घरोघरी बॅरल, हंडे आणि टाक्या यांचा हिशेब सुरू होतो, आणि सोमवारी पाणी आले तर पुढचे शुक्रवारी येणार की शनिवारी, यावर एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांचे एकमत होत नाही. सांगणारा खोटे बोलत नसतो आणि ऐकणाऱ्याचे कानही शाबूत असतात. तरी धरणात जे आहे ते एक आणि आपल्याला जे कळले ते दुसरे, असे होते. या दोहोंच्या मधे शब्द, खूण आणि युक्तिवाद उभे असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या समजुतीला काही ना काही आकार दिलेला असतो. तो आकार ओळखण्याची एक रीत येथे सांगितली आहे. तिला एक वही, एक पेन, तपासण्याजोगे एक वाक्य आणि अर्धा तास एवढे पुरते. ऐकलेले प्रत्येक वाक्य असे तपासू म्हटले तर संसार चालणार नाही. म्हणून ज्या वाक्याच्या भरवशावर आपण पैसे खर्च करणार, मत देणार किंवा कोणाशी भांडणार असू, तेवढीच वाक्ये निवडावीत.

वाक्य उतरवून घेणे

पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. ऐकलेले किंवा वाचलेले वाक्य एकही शब्द न बदलता वहीत उतरवावे. आपली स्मरणशक्ती अर्थ जपते आणि शब्द टाकून देते. ‘पाणी कमी होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी ‘पाणी कमी होणार’ असे आठवते आणि तिसऱ्या दिवशी ‘पाणी कमी झाले’ असे सांगितले जाते. पुढच्या साऱ्या पायऱ्या मूळ शब्दांवर चालतात, म्हणून ते कागदावर असणे आवश्यक आहे.

वाक्य उतरवल्यावर त्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावून ते मोठ्याने वाचावे. ‘अक्कलकोटला पाऊस पडला’ आणि ‘अक्कलकोटला पाऊस पडला म्हणे’ या दोन वाक्यांत पावसाची बातमी एकच आहे, पण दुसऱ्यात बोलणाऱ्याने आपण स्वतः भिजलेलो नाही हे सांगून टाकले आहे. सोलापूरकराला या शब्दाचे मोल पटवून द्यावे लागू नये, कारण या शहरात नांदणाऱ्या मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत ही सोय आहे. कन्नड बोलणारा क्रियापदाला ‘अंते’ जोडून ‘मळे बंतंते’ म्हणतो. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांत तेलुगू बोलणारा ‘अट’ जोडून ‘वान पडिंदट’ म्हणतो. छापील मराठीत, मथळ्यांत आणि मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशांत मात्र सर्वांत आधी गळून पडते ते हेच ‘म्हणे’. ते परत लावले की वाक्याचा पाया कितपत पक्का आहे हे कानालाच कळते. ‘सूर्य पूर्वेला उगवतो म्हणे’ असे म्हटले तर हसू येते. ‘अमुक काढ्याने मूतखडा विरघळतो म्हणे’ हे मात्र सहज जिभेवर बसते. जिथे ‘म्हणे’ असे बसले तिथे समासात एक फुली करावी.

फुली म्हणजे वाक्य खोटे, असा तिचा अर्थ नाही. ज्ञान कोणत्या दाराने आले याची जुनी विभागणी न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्राच्या शाखेत आहे: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज काही मानले नाही. बौद्ध तर्कपंडितांनी प्रत्यक्ष आणि अनुमान एवढी दोनच दारे ठेवली. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, मात्र दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणारे ज्ञान हेही स्वतंत्र ज्ञान आहे असे धरले. मला नैयायिकांचे पटते. आपली जन्मतारीखसुद्धा आपण दुसऱ्याच्या शब्दावरच मानत आलो आहोत, आणि तीत काही कमीपणा नाही. पण त्यांनी एक अट घातली होती: शब्द आप्ताचा असला पाहिजे. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. पुढे मराठीत या शब्दाचा अर्थ सरकत सरकत ‘नातेवाईक’ असा झाला, आणि आपला व्यवहारही त्या अर्थामागून गेला असावा अशी मला शंका येते. मावसभावाने पाठवलेला संदेश आपण तपासत नाही, कारण तो आप्त आहे.

म्हणून फुलीसमोर दोन प्रश्न लिहावेत. हे सांगणाऱ्याला स्वतः कसे कळले? आणि वेगळे सांगण्यात त्याचा काही फायदा आहे काय? एकच माणूस एका गोष्टीपुरता आप्त असतो आणि दुसरीपुरता नसतो, हेही ध्यानात ठेवावे. धरणावर रोज पाणीपातळी नोंदवणारा कर्मचारी पातळीच्या बाबतीत आप्त आहे. यंदा कारखान्यांचे गाळप किती दिवस चालेल याबाबत त्याचा अंदाज तुमच्याआमच्या अंदाजाइतकाच असतो.

शब्द बदलून पाहणे

दुसरी पायरी वाक्यातल्या मुख्य नामाची. त्या नामाच्या जागी त्याच गोष्टीची आणखी दोन-तीन नावे घालून वाक्य पुन्हा लिहावे आणि प्रत्येक वेळी पुढे कोणता प्रश्न विचारावासा वाटतो ते टिपावे.

‘दुष्काळ’ हा शब्द घेऊ. या जिल्ह्याला तो नवा नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक आगळाच कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळायचा आणि त्याच्या जागी टंचाईचा शब्द घालायचा, एवढाच त्याचा विषय. कारण असे दिले होते की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोचते, आणि त्यामुळे दुष्काळाला आता वावच उरलेला नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ साल उजाडले. कागदोपत्री ती टंचाई असली तरी ज्यांनी त्या वर्षी रस्त्यांवर आणि तलावांवर खडी फोडली त्यांच्या घरांत आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हटले जाते, आणि त्या कामांनाही लोक दुष्काळी कामेच म्हणत. हा सारा शब्दांचा खेळ होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. चिन्हे दिसताच कामे काढावीत हा विचार चांगलाच होता. बहात्तरात लाखो लोकांना कामे मिळाली आणि रोजगार हमी योजना त्याच अनुभवातून उभी राहिली. तरीही दोन शब्द दोन वेगळे प्रश्न जागे करतात हे नाकारता येत नाही. ‘टंचाई’ म्हटले की किती कमी पडले आणि ते कुठून आणायचे, असे विचारले जाते. ‘दुष्काळ’ म्हटले की कोण उपाशी राहिले आणि ही वेळ कोणी येऊ दिली, हा प्रश्न येतो.

दुसरे उदाहरण खास सोलापूरचे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या शहरात मोर्चे, गोळीबार आणि हिंसा झाली. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहरात लष्करी कायदा होता. त्या काळातील घटनांवरून खटला चालून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. इंग्रज सरकारच्या लेखी ती दंगल आणि ते गुन्हेगार. शहराच्या लेखी तो स्वातंत्र्यलढा आणि ते हुतात्मे. ‘हुतात्मा’ हा शब्दही सावरकरांनी घडवलेला, यज्ञात आहुती पडावी तसा ज्याचा आत्मा अर्पण झाला तो, अशा अर्थाचा. आता वहीत पाहावे: ‘गुन्हेगार’ लिहिले की मनात ‘पुरावा काय होता’ असा प्रश्न येतो, ‘हुतात्मा’ लिहिले की ‘कशासाठी’ असा येतो. पहिला प्रश्न सरकारच्या नावातून निघाला असला तरी तो सरकारवरच उलटू शकतो, आणि केवळ दुसरेच नाव धरून बसलेल्याला तो सुचणार नाही. नाव बदलून पाहायचे ते एवढ्यासाठी. आपले मत बदलायला हवे अशी सक्ती त्यात नाही.

ज्यांच्या घरात दुसरी भाषा आहे त्यांना आणखी एक चाचणी फुकट मिळते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणारा पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे. तेलुगूत हाच भेद ‘मेमु’ आणि ‘मनम्’ यांच्यात आहे. आजच्या कन्नडात दोन्हींसाठी ‘नावु’ एवढेच. ‘आपण वर्गणी दुप्पट करायचे ठरवले आहे’ हे वाक्य मंडळाच्या बैठकीत ऐकू आले, तर ते मनातल्या मनात कन्नडात नेऊन परत मराठीत आणावे. परत येताना थांबावेच लागते: ‘नावु’चे मराठी करताना आम्ही लिहू की आपण? म्हणजेच, ठरवणाऱ्यांत मी होतो का? हा प्रश्न मराठीतही विचारता आला असता. पण ‘आपण’ या शब्दाने ऐकणाऱ्याला आधीच सतरंजीवर ओढून बसवलेले असते, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाला आपण इथे कधी आलो हे विचारणे जड जाते.

आणि ‘चार दिवसांआड’? एक दिवसाआड म्हणजे मधे एक दिवस सोडून. त्या न्यायाने चार दिवसांआड म्हणजे मधे चार दिवस कोरडे आणि पाणी पाचव्या दिवशी, अर्थात सोमवारनंतर शनिवारी. पण ‘दर चार दिवसांनी’ या अर्थानेही तो शब्द सर्रास वापरला जातो, आणि मग शुक्रवार निघतो. येथे व्याकरण सांगत बसण्यापेक्षा सांगणाऱ्याकडून वार मागून घ्यावा.

आकड्याचे शून्य शोधणे

वाक्यात टक्केवारी असेल तर वहीत तीन रकाने आखावेत: हे कशाचे टक्के आहेत, शून्य कुठे धरले आहे, आणि मोजले कसे. उजनीच्या बाबतीत हे तिन्ही रकाने भरून पाहण्याजोगे आहेत, आणि प्रत्येक सोलापूरकराने ते एकदा तरी भरावेत असे मला वाटते.

भीमेवरील या धरणाचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. या एकूण साठ्यातील ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेला तळाचा साठा, मानला जातो आणि उरलेला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात रोज छापून येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे ज्या दिवशी ‘उजनी शून्यावर’ असे आपण वाचतो त्या दिवशी धरणात ६३.६६ टीएमसी, एकूण साठ्याच्या सुमारे ५४ टक्के, पाणी असते. ‘उणे २० टक्के’ याचा अर्थ ५३.५७ च्या वीस टक्के, म्हणजे १०.७१ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेले आणि ५२.९५ टीएमसी शिल्लक आहे. हे एकूण साठ्याच्या सुमारे ४५ टक्के झाले. धरण खरोखर तळापर्यंत आटले तर आकडा उणे शंभरावर थांबणार नाही, तो उणे ११९ च्या घरात जाईल. आणि चांगल्या पावसाळ्यात हाच आकडा शंभराच्या वर चढलेला आपण वाचतो, तेव्हा कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

एवढे कळल्यावर अनेक जण उत्साहाने दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘धरण निम्मे भरलेले असताना मायनस-मायनस करून लोकांना घाबरवतात’ असे म्हणू लागतात. हे विधानही तपासल्यावर टिकत नाही. वर्षाच्या पाण्याचे नियोजन उपयुक्त साठ्यावर बांधलेले असते. मृतसाठ्यात उतरणे म्हणजे बियाण्याच्या पोत्याला हात घालण्यासारखे आहे. पातळी खाली गेली की शहरासाठी पाणी उचलताना दुबार पंपिंग करावे लागते. शिवाय तळाशी गाळ साचत जातो, त्यामुळे ६३.६६ हा आराखड्यातला आकडा आहे, आज तळाशी तेवढे पाणीच आहे असे नाही. तेव्हा ‘कोरडे’ आणि ‘निम्मे भरलेले’ ही दोन्ही चित्रे फसवी आहेत, आणि दोन्ही एकाच खऱ्या आकड्यातून निघाली आहेत. शून्य कुठे ठेवायचे हे पाणी ठरवत नाही. ज्याला पाणी हवे आहे त्याच्या गरजेप्रमाणे ते ठेवले जाते. कालव्याखालच्या शेतकऱ्याने शून्याची रेघ जिथे ओढली असती तिथे नळाच्या ग्राहकाने ओढली नसती. आणि जलाशयाच्या काठी उथळ पाण्यात चरायला उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना विचारले असते तर पाणी उतरते तेव्हाच त्यांचे धरण भरते. ‘मृत’ हे विशेषणही असेच कोणाच्या तरी बाजूने लावलेले आहे.

खुणा आपल्या ज्ञानाला आकार कसा देतात हे पाहण्यासाठी सोलापूरकराला लांब जायला नको. जकार्डच्या मागावर चादर विणताना नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरील छिद्रांत उतरवलेली असते. जिथे छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला जोडलेले ताण्याचे धागे वर येतात. छिद्र नसेल तिथे ते खालीच राहतात. कार्ड हातात घेऊन पाहिले तर मोर दिसत नाही, नुसती भोके दिसतात. मोर त्या यंत्राच्या नियमात आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: मागावरच्या आकड्यांची संख्या ठरलेली असते. त्याहून बारीक रेषा कल्पनेत कितीही नाजूक असली तरी चादरीवर ती पायऱ्या-पायऱ्यांनीच उतरते, आणि ज्याने फक्त चादर पाहिली आहे त्याला मूळ रेषा वळणदार होती हे कळायला मार्ग नसतो. जनगणनेचा तक्ता हा असाच एक माग आहे. त्यात मातृभाषा एकच लिहिता येते, आणि येत असलेल्या इतर भाषा जास्तीत जास्त दोन. आजीशी तेलुगू, बाजारात कन्नड, शाळेत मराठी आणि शेजारच्या घरी दखनी बोलणारे मूल या तक्त्यात बसवताना काहीतरी खाली राहणारच. म्हणून कोणतीही आकडेवारी वाचताना आधी ती गोळा करणारा कोरा तक्ता मिळतो का ते पाहावे. किती रकाने होते हे कळले की काय सुटले असेल याचा अंदाज बांधता येतो.

‘म्हणून’ उलगडणे

आता वाक्यात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्याअर्थी’ यांपैकी काही असेल तर युक्तिवाद तपासायचा. न्यायशास्त्राने यासाठी पाच अवयवांची मांडणी दिली आहे. ती यंत्रमागावर बसवून पाहू. प्रतिज्ञा: या शेडमध्ये काम चालू आहे. हेतू: कारण आतून मागांचा खडखडाट येतो. उदाहरण: जिथे जिथे असा खडखडाट असतो तिथे तिथे माग चालू असतात, जसे शेजारच्या शेडमध्ये. उपनय: येथेही तसाच खडखडाट आहे. निगमन: म्हणून येथे काम चालू आहे. रोजच्या बोलण्यात आपण पहिले दोन अवयव बोलतो आणि बाकीचे गिळतो. गिळलेला तिसरा अवयव वहीत पूर्ण लिहून काढणे हेच या पायरीचे मुख्य काम आहे, कारण ‘जिथे जिथे’ हा शब्द लिहावा लागला की हात अडखळतो.

हात अडखळला तर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ हा नियम, उलटी तर केलेली नाही? खडखडाट आहे म्हणून माग चालू, हे ठीक. पण खडखडाट नाही म्हणून धंदा बसला, हे त्यातून निघत नाही. वीज गेलेली असेल, साप्ताहिक सुट्टी असेल, ताणा बदलणे चालू असेल. जुन्या ग्रंथांत याचे उदाहरण धूर आणि अग्नी यांचे आहे: धुरावरून अग्नी कळतो, अग्नीवरून धूर कळत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी, आपली जुनी मिल, निघाली. चिमणीतून धूर दिसतो म्हणून गिरणी चालू आहे, हे अनुमान त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चालले. वाफेची जागा विजेने घेतल्यावर मात्र धूर नाही म्हणून गिरणी बंद, असे म्हणणाऱ्याची फसगतच झाली असती.

दुसरी गोष्ट उपाधीची, आणि ती अधिक पैसे वाचवते. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे का वाटते? कारण आपण पाहिलेल्या बहुतेक चुलींत सरपण थोडेफार ओले होते. धुराचे खरे कारण ते ओले सरपण. अग्नीच्या आड लपलेल्या अशा अटीला उपाधी म्हणतात. आता हे वाक्य पाहावे: ‘ऊस लावणाऱ्यांकडे पैसा दिसतो, म्हणून ऊस लावावा.’ आपल्या जिल्ह्यात हा युक्तिवाद किती घरांत झाला असेल याची गणती नाही. येथे लपलेली उपाधी म्हणजे खात्रीचे पाणी आणि हातात असलेले भांडवल. ज्यांच्याकडे ही दोन्ही आधीपासून होती त्यांनी ऊस लावला. त्यांच्याकडचा पैसा पाहून ज्याने कोरडवाहू रानात कर्ज काढून बोअर मारली त्याने अग्नी उचलून नेला आणि ओले सरपण मागेच राहिले. उपाधी शोधण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: हेतू आहे पण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही, असे एक तरी उदाहरण मला ठाऊक आहे का? असेल तर त्या उदाहरणात काय कमी होते ते लिहावे.

समोरचा माणूस कशासाठी बोलतो आहे, हेही एका ओळीत नोंदवावे. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडत राहणे ती वितंडा. जल्प आणि वितंडा ओळखू आल्यास वही मिटून चहा मागवलेला बरा.

एक वाक्य सगळ्या पायऱ्यांतून नेऊन पाहणे

‘सोळा गावे मिळून झाले म्हणून सोलापूर.’ हे वाक्य येथे जन्मलेल्या प्रत्येकाने शाळेच्या वयातच ऐकलेले असते. ते वहीत उतरवावे. ‘म्हणे’ लावून पाहावे. ते बसते, तेव्हा फुली. ज्याने पहिल्यांदा सांगितले त्याला कसे कळले, हे कोणी सांगत नाही; पण सोळा गावांची यादी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये दिलेली आहे, तेव्हा ती वाचावी. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी अशी नावे करत करत यादी संदलपूर, सोलापूर, सोनलगी आणि सोनापूर यांच्यापर्यंत येते. येथे थांबावे. ज्या नावाची उत्पत्ती सांगायची आहे ते ‘सोलापूर’ यादीतच एका गावाचे नाव म्हणून हजर आहे. सोळा गावे एकत्र येण्यापूर्वीच त्यांतल्या एकाचे नाव सोलापूर असेल तर ते नाव सोळांवरून पडले कसे? जे सिद्ध करायचे तेच आधाराला घेण्याच्या या दोषाला आत्माश्रय म्हणतात.

शब्दाच्या बाजूनेही एक शंका आहे. मराठीत सोळा आहे, त्यात ‘ळ’ आहे. गावाच्या नावात ‘ल’ आहे. कन्नडात सोळाला हदिनारु आणि तेलुगूत पदहारु म्हणतात, तिथून काही हाती लागत नाही. पण एवढ्यावर विजयी मुद्रा करू नये, कारण दखनीत आणि हिंदीत ‘सोला’ असेच म्हणतात, आणि या शहरावर बराच काळ बहमनी आणि आदिलशाही सत्ता होती. म्हणजे ‘ळ’ची हरकत कच्ची आहे, ती वहीत लिहावी आणि तिच्यापुढे ‘कच्ची’ असेही लिहावे. आपल्या बाजूचा कच्चा मुद्दा सर्वांसमक्ष खोडणे हे वादाचे लक्षण आहे, जल्पात ते कोणी करत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा. बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, सिद्धरामेश्वरांच्या वेळच्या कोरीव लेखांत या गावाचे नाव सोन्नलगे असे आहे. पुढे तेच सोन्नलगी झाले आणि यादवांच्या अखेरीपर्यंत चालले. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इसवी सन १३१६ च्या सुमाराच्या संस्कृत लेखात सोनलीपूर असे नाव येते. किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर आहे, तर किल्ल्यातीलच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. इंग्रजांनी त्याचे शोलापूर केले. सोनलपूर यातला ‘न’ गळून सोलापूर झाले असावे, असा गॅझेटिअरकारांचा कयास आहे. या मांडणीत दगडावर कोरलेली नावे हे प्रत्यक्ष आहे, ‘न’ गळाला हे अनुमान आहे, आणि दोहोंच्या समासात वेगवेगळी खूण करायला हवी. ‘न’ गळण्याचे अनुमान उद्या एखाद्या नव्या लेखाने मोडले तरी सोन्नलगे हे नाव जागेवर राहील.

मग सोळा गावांचे काय करायचे? टाकून देण्याची गरज नाही. ती यादी जुन्या वस्त्यांची नावे जपते. आदिलपूर, फत्तेपूर, जामदारवाडी ही नावे एरवी कोणाच्या तोंडी उरली असती? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहायला खांद्यावर बसलेल्या मुलाने या गावाला सोलापूर का म्हणतात असे विचारले, तर त्याला आधी सोन्नलगी सांगावी, दगडावर कोरलेली आहे हेही सांगावे, आणि मग ती गोष्टही सांगावी: पूर्वी इथे सोळा गावे होती, ती एक झाली आणि त्यावरून हे नाव पडले म्हणे.